‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा पोलीस

औसा तालुक्यातल्या एका ताईंचं आठ पानांचं पत्र आलंय. वहीचे कागद फाडून, हातानं लिहिलेलं. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं सगळं गाळून, मजकूर थोडक्यात देते.

ताई ६१ वर्षांच्या. ३४ वर्षं उपकेंद्रावर आरोग्यसेविका होत्या. यजमान वारले, मुलगा-सून पुण्याला, घरी एकट्या. एका सकाळी फोन आला: तुमच्या आधार कार्डावर मुंबईत सिम घेतलंय, त्यावरून पैशाची अफरातफर झालीय, पोलिसांशी बोला. मग व्हिडिओ कॉल. वर्दीतला माणूस, मागे राजमुद्रा, समोर फायलींचा ढीग. ताईंच्या नावाचं शिक्का मारलेलं वॉरंट व्हॉट्सॲपवर आलं. ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कॅमेरा बंद करायचा नाही. कुणाला सांगायचं नाही, नाहीतर मुलालाही आत घेऊ.’ दोन दिवस आणि मधली एक रात्र ताई मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून त्याच्यापुढे बसून होत्या. दुसऱ्या दिवशी निवृत्तीच्या पैशाची एफडी मोडली आणि ‘तपासणीसाठी’ ९ लाख ४० हजार रुपये आरटीजीएस केले. संध्याकाळी कॉल तुटला. पुन्हा लागला नाही.

याला आता १९ दिवस झाले. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, तू इतकी भोळी कशी गं?” आणि वर, “पोलिसात कशाला? गेले ते गेले. चारचौघांत शोभा.” तेव्हापासून ताई अनोळखी फोन उचलत नाहीत. गॅसवाल्या पोरानं ओटीपी विचारला तर त्याच्या तोंडावर दार लावलं. विचारतात, “मी मूर्ख होते का? आणि आता विश्वास ठेवायचा तरी कुणावर? फोन आणि एटीएम मुलाच्या हवाली करून मोकळी होऊ का?”

ताई, नमस्कार.

प्रश्नांकडे येतेच. पण सहीच्याही खाली तुम्ही एक ओळ लिहिलीय, ती आधी. दिल्लीचे एक ‘वकीलसाहेब’ व्हॉट्सॲपवर लिहितायत, पैसे सोडवून देतो म्हणतायत, फाइल उघडायला २५ हजार मागतायत. देऊ नका. एक रुपयाही नाही. जरा हिशेब मांडून बघा: ही गोष्ट तुम्ही फक्त मुलाला सांगितली आणि मला लिहिली. मग दिल्लीच्या वकिलाला रक्कम आणि तारीख कुणी सांगितली? ज्यांना ती आधीपासून ठाऊक होती त्यांनीच. दुभती म्हैस कुणी इतक्यात सोडत नसतं.

आता तक्रार. हे वाचून झालं की १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठी सरकारनं ठेवलेला नंबर आहे तो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. मग लातूरला सायबर पोलिसांकडे जा. पासबुक, आरटीजीएसची पावती, तिच्यावरचा यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक), ते वॉरंट, कॉल आले ते नंबर, सगळं सोबत न्या. चॅट पुसू नका, कितीही किळस आली तरी. असे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. कुणा बेकार पोराला चार पैसे देऊन भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून ते बघता बघता दहा ठिकाणी फुटतात. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर वाटेत गोठवता येतात. १९ दिवस म्हणजे उशीरच झाला, खोटी आशा दाखवत नाही. पण दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीमुळे एखादं खातं गोठलेलं असू शकतं, आणि त्यातले पैसे तुमचेही आहेत हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं?

मुलाच्या ‘चारचौघांत शोभा’वर एवढंच म्हणते: घर फोडलं की आपण गल्ली गोळा करतो. इथे मात्र आपणच दार लावून घेतो. ठकांना हेच हवं असतं.

आता, मूर्ख होते का. हे तुम्ही पत्रात तीनदा विचारलंय. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या कापड उद्योगसमूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना असंच बसवून ठेवलं होतं. मोबाइलवर सुप्रीम कोर्ट उभं केलं, सरन्यायाधीश म्हणून एकाला बसवलं, ७ कोटी नेले. पद्मभूषण मिळालेला माणूस आहे तो. २०२५ च्या ऑक्टोबरात अंबाल्याच्या एका ज्येष्ठ बाईंच्या तक्रारीवरून सुप्रीम कोर्टानं स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली, कारण त्यांना दाखवलेले खोटे आदेश थेट याच कोर्टाच्या नावाचे होते. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. पण एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, आणि माझंही होत नाही. मोठी माणसं फसली म्हणून आपल्याला काय झालं होतं ते कळत नाही.

भोळेपणा सगळ्या अंगाला नसतो, ताई. कुटुंबनियोजनाच्या टार्गेटच्या खोट्या आकड्यांवर सही करायला नकार दिला म्हणून तुमची बदली झाली होती, हे तुम्हीच लिहिलंय. भोळी बाई असं करत नाही. तुम्ही भोळ्या आहात त्या एकाच जागी: कागदावर शिक्का असला आणि पलीकडून ‘साहेब’ बोलत असला की तुम्ही उठून उभ्या राहता. ३४ वर्षं ‘वरून आदेश आलाय’ हे शब्द ऐकून थंडी-पावसात बाहेर पडलात. ते अंगात मुरलंय. आणि ते तुमचंच आहे असंही नाही. माझ्या आजोबांना म्हातारपणीसुद्धा ‘अमीन आला’, म्हणजे निझामाचा पोलीस अधिकारी आला, म्हटलं की धाप लागायची. निझामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, पण सरकारी जोड्यांचा आवाज आपल्या घरांतून गेला नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लेकरांना बोलायला लागल्यापासून शिकवतो. त्यामुळे कोर्ट आतून कसं असतं, अटक कशी होते, हे आपल्यातल्या भल्या माणसांना ठाऊकच नसतं. ठाऊक नसलेल्या जागी ठकानं काहीही उभं केलं तरी ते खरं वाटतं.

म्हणून खरी अटक कशी असते ते सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणते की अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा लेखी पंचनामा करायचा, त्यावर घरातल्या माणसाची किंवा गावातल्या कुणा प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. अटक झाल्याचं नातेवाइकाला किंवा मित्राला लगेच कळवायचं. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानंच करायची, तीही मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी काढून. मोबाइलवर अटक, असला प्रकार कुठल्याच कायद्यात नाही.

यातली गंमत बघा. कायदा म्हणतो, घरच्यांना सांगा, साक्षीदार बोलवा. तो माणूस म्हणत होता, कुणाला सांगू नका. खऱ्या पोलिसाला जे करणं भाग आहे, नेमकं तेच तुमच्या पोलिसाला परवडणारं नव्हतं. कारण वर्दी, राजमुद्रा, फायली, सगळं बेतून आणता येतं. शेजारच्या वहिनी दारातून आत आल्या असत्या आणि ‘ह्यो कोण माणूस हो?’ म्हणाल्या असत्या, तर ते सगळं तिथल्या तिथे कोसळलं असतं. तुम्हाला खोटं सांगणं सोपं होतं. ते दोन दिवस खरं ठेवायचं तर घरात दुसरं माणूस येऊ द्यायचं नाही, एवढीच त्यांची अट होती, आणि बाकीच्या सगळ्या धमक्या या एका अटीसाठी होत्या.

पुन्हा माणसं किती आणली बघा. टेलिफोन खात्याचा एक, मुंबई पोलिसांतला एक, मग सीबीआयचा, मग ‘आरबीआय’वाला. चौघं वेगवेगळे, आणि चौघं एकच बोलतात. खांद्यावरचा बोकड कुत्रा आहे असं वाटेत तीन ठक एकामागून एक सांगतात ती गोष्ट आपण लहानपणी हसत ऐकली. वाटेत एकटं असताना हसू येत नाही.

तुम्ही पत्रात एक वाक्य लिहून खोडलंय, पण खालची शाई वाचता येते. ‘धाकटा साहेब चांगला होता.’ मोठा साहेब दरडावायचा, आणि धाकटा हळूच विचारायचा, “माताजी, खाना खाया?” त्याच्या शब्दाखातर तुम्ही दोन घास खाल्लेत. पैसे पाठवताना आपल्यामुळे त्याची नोकरी जाऊ नये असंही तुमच्या मनात आलं. हे खोडू नका. याची लाज तर अजिबात वाटून घेऊ नका. एकानं पाण्यात बुडवायचं आणि दुसऱ्यानं केस धरून वर काढायचं, म्हणजे वर काढणाऱ्याचे उपकार वाटतात. दोघं एकाच पगारावर असतात. यजमान गेल्यापासून ‘जेवलात का’ असं रोज विचारणारं घरात कुणी नव्हतं, हे त्या पोरानं तासाभरात ओळखलं. त्याची हुशारी तेवढीच.

आणि मग बँक. तुमच्या पत्रातला हा भाग मी चार वेळा वाचला. फोन चालू ठेवून पर्समध्ये, पलीकडून ते ऐकतायत. काउंटरवरची पोरगी विचारते, “काकू, एवढी एफडी मधेच मोडताय? व्याज जाईल की.” आणि तुम्ही म्हणता, “मुलाला फ्लॅट घ्यायचाय.” पुढे तुम्ही लिहिलंय, ‘आयुष्यात पहिल्यांदा बँकेत खोटं बोलले.’ पैशापेक्षा हेच तुम्हाला जास्त टोचतंय, असं मला वाटतं. ते वाक्य तुम्हाला त्यांनीच पढवून ठेवलं होतं. समोर जिवंत माणूस होतं, नेमका प्रश्न विचारत होतं, आणि ते तुमच्या बाजूचं आहे हेच तुम्हाला दिसू दिलं नाही. उलट, तिच्यापासून पोलिसांचं गुपित राखायला निघालात.

आता तुमच्याच वहीतलं एक पान तुम्हाला वाचून दाखवते. पल्स पोलिओच्या वेळी घरांच्या भिंतीवर तुम्ही खडूनं खूण करायचात. सगळ्या लेकरांना डोस मिळाला तर ‘पी’, कुणी राहिलं तर ‘एक्स’. एका शेतवस्तीवरच्या घरावर दोन फेऱ्या ‘एक्स’च राहिला. थेंबांनी पोरं पुढे वांझ होतात, असं त्या बाईच्या डोक्यात बसलेलं. तिनं लेकरू कणगीमागं लपवलं. तिसऱ्यांदा तुम्ही डोसांचा डबा दूर बांधावर ठेवून गेलात. तिच्यासोबत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलात. पोलिओचं नावसुद्धा काढलं नाही. निघताना फक्त विचारलंत, “हे तुला पहिल्यांदा कुणी सांगितलं गं? आणि मग तू कुणाकुणाला विचारलंस?” तिला दिरानं सांगितलं होतं. विचारलं कुणालाच नव्हतं. संध्याकाळी ती स्वतः लेकरू घेऊन उपकेंद्रावर आली.

२०११ च्या जानेवारीनंतर या देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही, आणि २७ मार्च २०१४ ला तसं प्रमाणपत्र मिळालं. त्यात अशा किती एक्सच्या घरांचा हात आहे! मला सांगायचंय ते एवढंच की, हे कसं मोडतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या बाईला तुम्ही मूर्ख म्हणाला नाहीत. मग स्वतःला का म्हणताय? तिला एकदा एकच माणूस भेटला होता, दुसरं कुणी भेटलंच नव्हतं. तुमचंही दोन दिवस तेच झालं.

माझंही सांगते, म्हणजे तुम्हाला हसू येईल. २१ सप्टेंबर १९९५. मी लातूरला बी.एस्सी.ला होते. किल्लारीच्या भूकंपाला दोन वर्षं होत आली होती, आणि सकाळपासून गावभर एकच: गणपती दूध पितोय. मी वाटी घेऊन रांगेत उभी राहिले. पुढे शे-दीडशे माणसं, त्यात आमचे फिजिक्सचे सर, हातात स्टीलचा पेला. माझा नंबर आला, चमचा सोंडेला लावला, दूध खरंच कमी झालं. घरी येऊन आईला शपथेवर सांगितलं. चमचा तिरपा झाला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पांढऱ्या दगडावरून पातळ ओघळ होऊन खाली जातं. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, इतकंच. पृष्ठताणावर मी सहाच महिन्यांपूर्वी परीक्षेत दोन पानं लिहून आले होते. रांगेत मात्र ती दोन पानं आठवली नाहीत. सरांचा पेला बघितल्यावर आठवायची गरजच वाटली नाही.

आता तुमचा मुलगा. त्याच्यावर रागावू नका. तो घाबरलाय, आणि घाबरलेली माणसं आधी वर्मी बोलतात. पण त्याला एकदा सहज विचारा, शेअरच्या टिपा देणाऱ्या किती ग्रुपांत आहेस बाबा? कारण प्रत्येकाची भोळी जागा निराळी असते. आपल्याकडे किती घरांनी बारा-चौदा टक्क्यांच्या व्याजावर पतसंस्थांत, मल्टिस्टेटांत आयुष्याची कमाई ठेवली. काचेचं दार, आत एसी, टाय लावलेला मॅनेजर, म्हणजे बँकच ती. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. ठेवणाऱ्यांत मास्तर होते, डॉक्टर होते. लग्न जमेना म्हणून मध्यस्थाला दोन लाख देऊन नवरी आणणारी आणि आठव्या दिवशी रिकामं कपाट बघणारी शेतकऱ्यांची पोरं आहेत. ‘सीट पक्की’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देणारे बाप आहेत. यातल्या एकालाही वर्दीतल्या माणसानं फोन केला तर कदाचित तो शिव्या देऊन ठेवून देईल. त्याची जागा तिथे नाहीच.

फोन आणि एटीएम मुलाच्या हवाली करू का? नको. सगळा कारभार एकाच माणसाच्या हाती देऊन आपण खोलीत बसायचं, तर पुन्हा तेच झालं, फक्त माणूस घरचा. त्याऐवजी बँकेत जाऊन मोठ्या ठेवीवर मुलाचं नाव जोडा आणि दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी लेखी सूचना द्या. मोबाइलवरून पैसे पाठवायची रोजची मर्यादा पाच-दहा हजारांवर आणा. रोजचा कारभार तुमचाच राहू द्या. आणि पैशाचा, पोलिसाचा, कोर्टाचा कुठलाही फोन आला तर ‘थांबा, शेजारच्यांना बोलावते’ म्हणायचं. खरा असेल तर तो थांबेल. तुमच्या समोर राहणाऱ्या त्या निवृत्त ग्रामसेवकांच्या बायकोशी तुमचं चांगलं आहे असं दिसतं. त्यांना सगळं सांगा, या आठवड्यातच. मला आठ पानं लिहिता आली तर त्यांच्याशी अर्धा तास बोलता येईल.

राहिला गॅसवाला. विश्वास पानिपतावर गेला, असं म्हणून आपण हसतो, पण तुमच्या घरात तो खरोखरच गेलेला दिसतोय. ताई, तो पोरगा खरा होता. सिलिंडर घरी पोचलं याची खात्री म्हणून गॅस कंपनीच तो आकडा तुमच्या मोबाइलवर पाठवते. मेसेज वाचलात तर त्यात गॅसचं नाव दिसेल. बँकेचं नाव आणि ‘कुणालाही सांगू नका’ असं लिहिलेलं असेल तर तो आकडा दारातल्या माणसाला सोडा, मॅनेजरलाही सांगायचा नाही. दोन्ही ओटीपीच, म्हणून दोघांना एकच माप लावलंत. पुढच्या वेळी दार उघडा, मेसेज सावकाश वाचा, आणि त्याला म्हणा, “बाबा, मागच्या वेळी चुकलं माझं.” जमलं तर चहा विचारा.

तक्रार नोंदवली की मिळालेला नंबर वहीत लिहून ठेवा. मग एक काम माझ्यासाठी करा. बँकेत जाल तेव्हा त्या काउंटरवरच्या पोरीला बाजूला घ्या आणि सांगा, की पोरी, तू बरोबर विचारलं होतंस, मीच खोटं बोलले, आणि पर्समध्ये फोन चालू होता. तिनं त्या दिवशी एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून गप्प बसली. पुढची एकटी काकू घाईघाईनं एफडी मोडायला आली, तर ती आधी म्हणेल, “काकू, पर्समधला फोन जरा दाखवता का?”